खायचा नव्हता, मग मारलात का?

पत्र :

सप्रेम नमस्कार. मी ६४ वर्षांचा आहे. निवृत्तीनंतर पेरूची बाग लावली, ४० झाडं आहेत. फळ धरायला लागलं तसे पोपट येऊ लागले. थव्याने येतात, एका फळाला दोन चोची मारतात, टाकून देतात आणि दुसऱ्यावर बसतात. बघून जीव तळमळतो. तीन वर्षांपूर्वी छऱ्याची बंदूक घेतली. मागच्या हंगामात साठेक पक्षी पाडले असतील. पोपट जास्त, पण बुलबुल, साळुंक्या, एकदोन तांबटही. एक कावळा मारून काठीला टांगला होता. शेजारी म्हणतात, बंदुकीने काय होतंय, फळात औषध भरून ठेवा. ते मात्र मी केलेलं नाही.

सुट्टीत नात आली होती, अकरा वर्षांची. पडलेला एक पोपट तिने उचलला आणि विचारलं, "आजोबा, तुम्हाला हा खायचा नव्हता, मग मारलात का?" मी म्हटलं, पेरू खातात म्हणून. तर म्हणाली, "पण खाली तर कितीतरी पेरू नुसतेच सडतायत." नंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पंख मोडलेली एक साळुंकी तिने बुटाच्या खोक्यात ठेवली आहे, तिला ड्रॉपरने दूधपाणी पाजते.

मी क्रूर माणूस नाही. घरात कोंबडी खातो तेव्हा कुणी काही बोलत नाही. आणि पोपट काय कमी आहेत? ढिगाने आहेत. पण तिचा प्रश्न डोक्यातून जात नाही. माझं चुकतंय का? चुकत असेल तर फळं कशी वाचवू? आणि तिला काय सांगू?

– एक आजोबा

उत्तर :

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी साळुंकीबद्दल तुम्हाला कळवलं होतं. तेच इथेही लिहितो, कारण जखमी पक्षी कुणाच्याही दारात येऊन पडू शकतो आणि मदतीच्या घाईतच बऱ्याचदा त्याचा जीव जातो.

दूध ताबडतोब बंद. पक्ष्यांना दूध पचत नाही. त्याहून मोठा धोका ड्रॉपरचा आहे. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते, त्यामुळे चोचीत सोडलेला थेंब सरळ फुप्फुसाकडे जाऊ शकतो. घाबरलेल्या, गारठलेल्या पक्ष्याला पहिले काही तास अन्नपाण्यापेक्षा अंधार, शांतता आणि ऊब लागते. झाकणाला पेन्सिलच्या टोकाएवढी आठ-दहा भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. तळाला जुनं मऊ सुती कापड अंथरा. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या फाशांत नखं अडकतात. खोक्याच्या फक्त अर्ध्या भागाखाली कोमट पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे उकडलं तर पक्ष्याला बाजूला सरकता येईल. पंख घरी बांधायचा नाही. खांद्यापासून कोपरापर्यंतचं त्याचं हाड पोकळ असतं आणि श्वसनाच्या हवेच्या पिशव्यांशी जोडलेलं असतं. तिथे उघडी जखम असेल आणि आपण वरून पाणी किंवा जंतुनाशक ओतलं, तर ते आत जातं. पक्षी हाताळणाऱ्या पशुवैद्याकडे किंवा वन्यजीव उपचार केंद्राकडे शक्यतो त्याच दिवशी न्यायचा आणि छरा लागलाय हे स्पष्ट सांगायचं. ते लपवलं तर एक्स-रे निघत नाही आणि शिसं अंगातच राहतं. पक्षी पुन्हा उडण्याजोगा नसेल तर वैद्य त्याला वेदनेविना मरण देण्याचं सुचवतील. तसं झालं तर नातीला "उडून गेली" असं सांगू नका.

आता तुमचा पहिला प्रश्न. हो, चुकतंय. तुम्ही क्रूर नाही हे पटतं. क्रूर माणसाच्या डोक्यात अकरा वर्षांच्या मुलीचा प्रश्न असा घर करून बसत नाही. पण माणूस क्रूर नसतानाही त्याच्या हातून साठ जीव विनाकारण जाऊ शकतात, आणि इथे तेच झालंय.

नातीने दोन वाक्यांत सगळं मांडलंय. पहिलं वाक्य उपयोगाबद्दलचं : मेलेला पोपट कुणाच्या कामी आला नाही. दुसरं गरजेबद्दलचं, आणि ते जास्त जिव्हारी लागणारं आहे. खाली पेरू सडत होते. म्हणजे त्या दिवशी झाडावरचा एक पेरू पोपटाने फोडला नसता, तरी तो तुमच्या घरात किंवा बाजारात पोचलाच असता असं नाही. तुम्ही पेरू वाचवत नव्हता, पोपटावरचा राग काढत होता. राग समजण्यासारखा आहे. वर्षभर झाड जपायचं, छाटणी, खत, पाणी सगळं करायचं आणि कुणीतरी येऊन दोन चोची मारून फेकून द्यायचं, हे सोसणं सोपं नाही. पण रागाला गरज म्हणता येत नाही. आपलं काही खरोखर जात असेल, ते वाचवायला दुसरी वाट उरलेली नसेल आणि मारल्याने ते खरोखर वाचत असेल, तर मारण्याबद्दल निदान बोलता तरी येईल. तुमच्या पत्रात यातलं एकही दिसत नाही. किती फळ गेलं याचा आकडा नाही, जाळीचा उल्लेख नाही, आणि तीन हंगाम बंदूक चालवूनही पोपट येतातच आहेत.

कोंबडीचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. मांस खाणं योग्य की नाही हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे, ज्याने त्याने त्याचं उत्तर द्यावं. पण एका जागी जीव घेतो म्हणून दुसऱ्या जागी घ्यायला आपण मोकळे, हा हिशेब जमत नाही. कोंबडी का मारली असं विचारलं तर पटो न पटो, उत्तर तरी आहे : जेवणासाठी. पोपटाच्या बाबतीत उत्तरच नव्हतं, म्हणून तर तुम्ही अडखळलात. शिवाय रानातल्या पक्ष्याच्या मागे कोण आहे, हे बंदुकीच्या माशीतून बघणाऱ्याला कधीच दिसत नाही.

ते जरा जवळून बघा. पूर्ण वाढलेल्या नर पोपटाच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी असते, मादीला आणि लहान पिल्लांना ती नसते. तुमच्या पेरूचा हस्त बहार, म्हणजे पावसाळ्याअखेर फुलणारा बहार, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला पिकत असेल, तर नेमकी तीच पोपटांच्या विणीची वेळ. मादी झाडाच्या ढोलीत तीन ते पाच अंडी घालते आणि सुमारे तीन आठवडे एकटीच उबवते. त्या काळात ती क्वचितच बाहेर येते, कंठीवाला नर तिला चोचीतून भरवतो. पिल्लं ढोलीबाहेर पडायला आणखी सहा-सात आठवडे जातात. पडलेल्या पोपटांपैकी कितींच्या गळ्यात कंठी होती, आठवून बघा. तसा प्रत्येक पोपट पडला तेव्हा कुठल्यातरी ढोलीत कुणीतरी वाट बघत असण्याची दाट शक्यता होती. बुलबुलाची दोन-तीन पिल्लं साधारण बारा दिवसांत घरट्याबाहेर येतात, पण त्या बारा दिवसांत त्यांना आईबाप दोघेही भरवतात. त्यातला एक गेला तर दुसऱ्याच्याने ते निभेलच असं नाही.

आणि साठ हा आकडाही पुरा नाही. तुम्ही मोजलेत ते पडलेले. साडेचार मिलिमीटरचा छरा चाळीसेक ग्रॅमच्या बुलबुलाला नेमका डोक्यात किंवा छातीत बसला तरच तो जागच्या जागी मरतो. पोटात, पायात, पंखाच्या टोकाला लागलेले पक्षी उडून जातात आणि पुढच्या दोन-चार दिवसांत कुठल्यातरी झुडपाखाली उपाशी मरतात. ती साळुंकी नातीला सापडली म्हणून दिसली, एवढंच.

"पोपट ढिगाने आहेत" हे वाक्य मात्र मनातून काढूनच टाका. उत्तर अमेरिकेत पॅसेंजर पिजन नावाचं कबुतर होतं, अब्जावधींच्या संख्येत. थवा डोक्यावरून जायला तासन्‌तास लागत. मादी एका वेळी एकच अंडं घालायची, पण एवढ्या ढिगापुढे तो विचार कुणी केला नाही. बंदुका, जाळी, धूर, जे हाती लागलं त्याने मारली. त्यातली शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. पोपटांचं तसं होईल असं म्हणायचं नाही. पण आज संख्या मोठी आहे म्हणून एकेकाचं मरण हलकं होत नाही, आणि मारणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य त्याही वेळी होतंच.

बंदुकीने काम होतं का, हेही बघू. तुमच्या बागेत येणारे पोपट बागेत राहत नाहीत. दूरच्या रातथाऱ्यावरून, म्हणजे रात्री थव्याने बसायच्या जागेवरून, ते सकाळी आणि उतरत्या दुपारी चरायला येतात. दहा मारलेत तर त्याच थव्यातले दुसरे दहा त्या फांदीवर येतात, कारण त्यांना बोलावणारी गोष्ट, पिकलेली फळं, जागच्या जागीच आहे. बार झाल्यावर थवा उडतो, पण तो आवाजाला आणि तुमच्या हालचालीला. हंगामाअखेर पोपट कमी झाले आणि ते बंदुकीमुळे असं वाटलं असेल, तर तो कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असा प्रकार आहे. तेव्हा फळंही संपत आलेली असतात. याचं मोठं उदाहरण आफ्रिकेत आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला लाल चोचीचा क्वेलिया नावाचा चिमणीएवढा पक्षी धान्याची शेतं साफ करतो. त्याच्या रातथाऱ्यांवर अनेक दशकं विमानातून विष फवारलं गेलं, स्फोटकंही लावली गेली, एकेका वर्षात कोट्यवधी पक्षी मेले. क्वेलिया आजही जगातल्या सर्वांत जास्त संख्येच्या पक्ष्यांपैकी आहे. विषाने मेलेले पक्षी खाऊन ससाणे, गरुड आणि घुबडं मात्र मेली.

इथे "पक्षी शेतकऱ्याचे मित्र" वगैरे सांगायचा मोह होतो. ते खोटं नाही. साळुंकीच्या शास्त्रीय नावातल्या ॲक्रिडोथेरेस या शब्दाचा अर्थच टोळांची शिकार करणारी असा आहे. १७६२च्या सुमारास मॉरिशसमध्ये टोळांवर उपाय म्हणून भारतातून साळुंक्या नेल्या होत्या. बुलबुल पिल्लांना मुख्यतः अळ्या-किडे भरवतो. तांबटासारखे फळखाऊ पक्षी वड-पिंपळाच्या बिया पसरवतात. पण तुमचा निर्णय या पायावर उभा राहू नये असं मनापासून वाटतं. पेरूच्या बागेत पोपटाचा तुम्हाला काहीच फायदा नाही, नुकसानच आहे. म्हणून तो मारण्याजोगा ठरतो का? आपल्या उपयोगाचा असेल तोच जगेल असा नियम लावला, तर कुणालाच जगण्याचा आधार उरणार नाही. पोपटाला त्याचं आयुष्य तुमच्याकडून कमवायचं नाहीये. तुम्हाला फक्त तुमची फळं वाचवायची आहेत, आणि ते पूर्ण हक्काने वाचवा.

कसं, ते आता सांगतो.

पहिल्यांदा चोर ओळखा. नाहीतर साप म्हणून भुई धोपटणं होतं. पाच झाडं निवडा, दोन कडेची, तीन मधली. प्रत्येकावर वेगवेगळ्या उंचीवरच्या वीस फळांच्या देठाला रंगीत दोरा बांधा. झाली शंभर फळं. दर चौथ्या दिवशी बघायचं : किती शाबूत, किती गेली, आणि गेली ती कशाने. पोपटाने खाल्लेल्या कच्च्या-पक्क्या फळावर चमच्याने गर खरवडल्यासारखा रुंद खड्डा असतो आणि अर्धवट फळ खाली पडलेलं असतं. बुलबुल आणि साळुंकी फळ मऊ झाल्यावर येतात, त्यांचं भोक खोल आणि कडा फाटलेल्या. खारीच्या खाण्यावर पुढच्या दातांच्या समांतर रेघा दिसतात. रात्रीत फळ नाहीसं झालं आणि खाली चोखून टाकलेल्या चोथ्याचे गोळे पडले असतील, तर ते वटवाघूळ. आणि फळावर टाचणीने टोचल्यासारखा डाग, भोवती मऊ पडलेलं, कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या, ही फळमाशी. फळमाशीने मऊ पाडलेलं फळ बुलबुलाने फोडलं की नाव बुलबुलाचं होतं. फळ तर आधीच गेलेलं असतं. तुमच्याकडे खाली पडून सडणारे पेरू इतके आहेत, त्यावरून फळमाशीचा वाटा बराच असावा असा अंदाज आहे. तो खरा की खोटा, हे ती शंभर फळं सांगतील.

पडलेली फळं रोज उचलायची. अळी फळातून निघून मातीत कोषावस्थेत जाते आणि पुढची पिढी तिथूनच उठते. गोळा केलेली फळं दोन फूट खोल पुरा किंवा घट्ट बांधलेल्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत आठ-दहा दिवस उन्हात ठेवा. पक्ष्यांचं येणंही याने थोडं कमी होतं, कारण पिकलेल्या फळाचा सडा हे त्यांना लांबून दिसणारं आमंत्रण असतं.

चाळीस झाडांना सर्वांत परवडणारा उपाय म्हणजे फळाला पिशवी. फळ लिंबाएवढं झालं की घालायची. त्याआधी घातली तर नैसर्गिक गळ पिशवीतच होते आणि मेहनत वाया जाते. उशीर केला तर माशीने तोवर अंडी घातलेली असतात आणि अळी आत सुरक्षित वाढते. घोस असेल तर एक चांगलं फळ ठेवून बाकीची काढा. फळ कोरडं असताना, डाग नाही हे बघून, न विणलेल्या कापडाची साधारण २० बाय २५ सेंटीमीटरची पिशवी चढवा आणि तोंड देठाच्या वर, फांदीलगत बांधा. नुसत्या देठाला बांधली तर वाऱ्याने फळ तुटतं. साधी प्लॅस्टिकची पिशवी वापरणार असाल तर तळाचे दोन कोपरे कापा, नाहीतर आत वाफ धरून फळ कुजतं. कागदी पिशवी पावसात टिकत नाही. पोपट कधीमधी पिशवीही फाडतो, पण आतलं फळ दिसत नाही म्हणून बहुतेक सोडून देतो. एकाच खर्चात माशी आणि पक्षी दोन्ही आवरतात, म्हणून सुरुवात इथून करा.

जाळी सगळ्या बागेला नको. जिथे नुकसान जास्त, त्या पाच-सात झाडांना लावा. पण नीट ऐका, चुकीची जाळी बंदुकीपेक्षा वाईट. मासेमारीची बारीक नायलॉन तार असलेली जाळी पक्ष्याला दिसत नाही. पाय किंवा मान अडकते, सुटण्याच्या धडपडीत फास आवळत जातो आणि दिवसभराच्या उन्हात पक्षी लोंबकळत मरतो. साप, वटवाघळंही अडकतात. जाळी विणलेली, जाड दोऱ्याची आणि पांढरी असावी, रात्रीच्या प्राण्यांनाही ती दिसते. ताणल्यावर छिद्र ५ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. दुकानात साधी परीक्षा करा : छिद्रातून बोट आरपार गेलं तर ती जाळी घेऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने घरगुती फळझाडांसाठी ५ मिलिमीटरची हीच मर्यादा २०२१पासून कायद्याने घातली आहे.

जाळी झाडावर नुसती फेकायची नाही. ढिली जाळी म्हणजे सापळा. बांबूचा सांगाडा करून ती फळांपासून किमान ३० सेंटीमीटर लांब आणि ताणलेली ठेवा, म्हणजे बाहेरून चोच पोचत नाही. झाड अडीच मीटर उंच आणि पसारा तीन मीटर रुंद असेल, तर सांगाड्यासकट एका झाडाला १० बाय १० मीटरचा तुकडा लागतो. खालची कड बुंध्याशी गोळा करून बांधा किंवा जमिनीवर विटांनी दाबा. फट राहिली तर पक्षी आत शिरतो आणि बाहेरची वाट त्याला सापडत नाही. फळधारणा झाल्यावरच जाळी चढवायची, फुलं असताना लावली तर मधमाश्या आत येत नाहीत. तोडणी संपली की त्याच आठवड्यात उतरवून गुंडाळून ठेवायची. जाळी आहे तोवर सकाळी आणि संध्याकाळी दोनदा फेरी हवी. कुणी अडकलं असेल तर त्याच्यावर कापड टाका, डोळे झाकले की धडपड थांबते. मग पायांपासून सुरुवात करून बोथट टोकाच्या कात्रीने दोरा कापा, ओढू नका.

पेरू झाडावरच पूर्ण पिकायची वाट बघत असाल तर ती सवय बदला. गडद हिरवा रंग फिकट होऊ लागला की देठासकट तोडा, घरात दोन-चार दिवसांत पिकतो. पोपटाच्या तोंडी जाणारी बरीच फळं याच दोन-चार दिवसांतली असतात. चमकणाऱ्या लाल-रुपेरी फिती, बुजगावणं, डबे वाजवणं यांचा उपयोग होतो, पण थोडे दिवस. पक्षी लवकर सरावतात. फळ पिकायच्या तोंडावर लावा, दर तीन-चार दिवसांनी जागा बदला आणि तोडणी झाली की काढा. आणि बागेच्या कडेचं एखादं झाड तसंच मोकळं सोडता आलं तर सोडा. बाकीची झाडं झाकलेली असली की थवा त्या एका झाडावर वळतो.

शेजाऱ्यांचं ऐकलं नाहीत, हे फार बरं केलंत. फळात भरलेलं कीटकनाशक पोपटापाशी थांबत नाही. मेलेला पक्षी कुत्रं खातं, घार खाते, आणि खाली पडलेला पेरू एखादं मूल उचलतं. पुन्हा विषय निघाला तर त्यांना हे सांगा, आणि स्पष्ट सांगा.

टांगलेला कावळा आजच काढा. सुरुवातीचे काही दिवस बाकीचे कावळे कालवा करतात, मग हलत नाही हे लक्षात आलं की ढुंकूनही बघत नाहीत. पोपटांना तर त्याचं काहीच नाही. मेलेला पक्षी उघड्या हाताने धरू नका, नातीलाही धरू देऊ नका, कारण पक्ष्यांमधले काही रोग माणसाला होतात. हातमोजे घालून खोल पुरा आणि हात साबणाने धुवा. झाडाखाली पडलेले पक्षी तसेच राहत असतील तर तेही पुरायला हवेत. छरे शिशाचे असतात, आणि तो पक्षी खाणाऱ्या घारीच्या पोटात ते शिसं विरघळतं.

कायद्याचं थोडक्यात : भारतात १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात 'शिकार' या शब्दात मारण्याबरोबर विष घालणं, पकडणं, फासे लावणं आणि रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणंही येतं. बाग स्वतःची आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

राहिली नात. तिला समजूत नकोय, उत्तर हवंय. "तू लहान आहेस", "शेती केल्यावर कळेल", "आता रडू नको" यातलं काही बोलू नका. जे खरं आहे तेच सांगा : मला राग आला होता, राग आणि गरज यातला फरक मी केला नाही, तुझं बरोबर होतं. अकरा वर्षांच्या मुलीला हे कळतं. आजोबा चुकू शकतात याचा तिला धक्का बसायचा तो बसून गेलाय, आता आजोबा ते कबूल करतात का, एवढंच तिला बघायचंय. "यापुढे एकही पक्षी मरणार नाही" असं वचन देऊ नका. जाळीत एखादा अडकेल, मांजर एखादा नेईल. "मी मारणार नाही" एवढं वचन द्या, ते तुमच्या हातात आहे. आणि बंदूक कपाटावर ठेवू नका, घरातून काढा. हाताशी असली तर एखाद्या वाईट सकाळी ती पुन्हा खाली येते.

वेळ निघून गेली असं वाटत असेल तर नागालँडमधल्या दोयांग जलाशयाचं बघा. सैबेरियाकडून दक्षिण आफ्रिकेला जाणारे अमूर ससाणे तिथे थव्याने उतरतात. २०१२च्या शरदात तिथे जाळी लावून एक लाखाहून जास्त ससाणे मारले गेल्याचा अंदाज होता. गावकऱ्यांनी ते थांबवायचं ठरवलं आणि २०१३मध्ये तिथे एकही ससाणा मारला गेल्याची नोंद नाही. ज्या पांगती गावाच्या शिवारात जाळी लागत होती, त्याच गावाचं नाव त्या वर्षी उपग्रह-टॅग बसवलेल्या एका ससाण्याला दिलं गेलं. माणसं तीच होती, मध्ये फक्त एक वर्ष गेलं.

नातीला पुढच्या सुट्टीत काम द्या. शंभर फळांची वही तिच्याकडे सोपवा. दोरा कुठल्या झाडावर, कुठल्या उंचीवर बांधला, चौथ्या दिवशी काय दिसलं, चोच की दात की टाचणीचा डाग, सगळं तिने लिहायचं. तिची सुट्टी संपली की तुम्ही लिहायचं आणि तिला फोनवर वाचून दाखवायचं. पेरू लिंबाएवढे व्हायला लागले की दोऱ्याचा रंग तिलाच निवडू द्या. फक्त हिरवा नको, पानांत दिसत नाही.